शेजारच्या बाईंची केस

९ ऑगस्ट

प्रिय वहिनी,

पोहोचले, खोली मिळाली, आणि खोलीला खिडकी आहे हे आधी दादाला सांग, कारण नसणार म्हणून तो छातीठोकपणे सांगत होता. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. सोबतीला एक अबोल मुलगी आहे. ती घोरत नाही, आणखी काय पाहिजे.

निघताना तू विचारलंस की शिकून मी नक्की करणार काय, आणि मला धड सांगता आलं नव्हतं. आता सांगते. घराण्यातून उतरणारे आजार असतात ना, तसला आजार ज्यांच्या घरात निघतो ती माणसं आमच्याकडे येणार. तपासणी डॉक्टर करणार. रिपोर्टचा अर्थ काय, पुढच्या मुलाला होईल का, बहिणीला सांगायचं की नाही, हे त्यांच्यासमोर बसून बोलायचं काम आमचं. आणि काय करा ते मात्र सांगायचं नाही, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं. जन्मभर मी सगळ्यांना काय करा तेवढंच सांगत आलेय, तेव्हा माझं कसं व्हायचं देव जाणे.

पहिला गृहपाठ म्हणजे आपल्याच घराचा तीन पिढ्यांचा तक्ता. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आणि प्रत्येकाखाली कोण कशानं आजारी, कोण कशानं गेलं. आत्याच्या साखरेपासून काकांच्या हृदयापर्यंत आपली बाजू भरून झाली. पण तक्त्यात तुमची ठकू आहे, म्हणजे तिच्या आईची बाजूही हवी. तुझा भाऊ सतराव्या वर्षी गेला एवढंच मला माहीत आहे. छातीचं होतं ना? नक्की काय ते लिही. फोनवर नको. तुमचा फोन दुकानात, गिऱ्हाइकं कान देऊन ऐकतात आणि ठकू मध्ये घुसते. बाइंडरच्या बायकोला कागदाची काय वाण?

तुझी बारकी


२१ ऑगस्ट

प्रिय नणंदबाई,

कागद बघ कसला आहे. पुठ्ठ्यांना लावायच्या कागदाच्या उरलेल्या पट्ट्या, वीतभर रुंद आणि हातभर लांब. आता तुला माझं पत्र वरून खाली वाचत जिना उतरावा लागेल.

इकडे एका वाचनालयाचं काम आलंय. खालून खळीचा वास येतो, जिन्यात पुस्तकांच्या थप्प्या आणि ठकू त्यांवर चढून बसते. तुझा दादा आयुष्यभर पुस्तकं बांधतो आणि पान एक वाचत नाही. परवा विचारलं, काय बांधतोयस, तर म्हणाला, निळं.

ठकू पाचची झाली आणि त्याला दुसऱ्याचे वेध लागलेत. मी म्हणते, व्हायचं तेव्हा होईल. यावर तो नुसता मान हलवतो. तुझ्या भावाला भांडता येत नाही ही त्याची मोठीच खोड आहे.

माझ्या भावाचं छातीचंच. तसंच लिही, त्यात आणखी काही नाही.

जाता जाता एक. शेजारच्या बाई विचारत होत्या, घरात फक्त मुलग्यांनाच होणारं दुखणं असतं का? त्यांच्या माहेरी कुणाला तरी होतं म्हणे. माहीत असेल तर लिही, नसेल तर राहू दे.

वहिनी


२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

शेजारच्या बाईंना सांग, असतं. शरीर कसं घडवायचं याच्या सूचना प्रत्येकाच्या अंगात लिहिलेल्या असतात. त्यातल्या काहींच्या बाईकडे दोन प्रती असतात आणि पुरुषाकडे एकच. बाईची एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरीवर तिचं भागतं, ती धडधाकट दिसते. ती बिघडलेली प्रत मुलग्याच्या वाट्याला आली की त्याच्याकडे दुसरी नसते. दर मुलग्याच्या वेळी शक्यता निम्मी. मुलीच्या वाट्याला आली तर ती आईसारखीच, त्रास फारसा नाही, पण पुढे देऊ शकणारी. यात आईचा दोष काडीचाही नाही, हे त्या बाईंना दोनदा सांग.

इथे एक नियम फार कडक आहे. आपल्या घरच्या माणसाचं समुपदेशन आपण करायचं नाही, दुसऱ्याकडे पाठवायचं. मॅडम म्हणतात, घरच्या माणसाचं आपण ऐकत नसतो, आपल्याला हवं ते ऐकत असतो. पण शेजारच्या बाई काही आपल्या घरच्या नव्हेत. त्यांना म्हणावं, खुशाल विचारा, नाव सांगायचीही गरज नाही.

फक्त एक कळलं नाही. तुमच्या शेजारी तर ते दोन म्हातारे भाऊ राहतात. बाई कधी आल्या राहायला?

बारकी


१६ सप्टेंबर

प्रिय बारकी,

पकडलंस. शेजारच्या बाई म्हणजे मीच. चार दिवस पत्र लिहून फाडतेय, आज टाकतेच.

माझा भाऊ तीन-चार वर्षांचा असताना जमिनीवरून उठायचा तो गुडघ्यांवर हात टेकून, स्वतःच्याच मांड्या धरत धरत, एखाद्या म्हाताऱ्यासारखा. आम्हाला हसू यायचं. घरात त्याला आजोबा म्हणायला लागले. नाव मीच ठेवलं होतं. दहाव्या वर्षी त्याचं चालणं थांबलं, नाव तेवढं राहिलं. शेवटी छातीचे स्नायूही दमले. म्हणजे छातीनं गेला म्हणतो ते खोटं नाही, आणि खरंही नाही.

माझं लग्न ठरायच्या आधी आईनं मला गुपचूप नेऊन तपासून आणलं. तू लिहिलीस ती बिघडलेली प्रत माझ्याकडे आहे. आई म्हणाली, तोंडातून ब्र काढू नकोस. मी काढला नाही. ठकू पोटात असताना नऊ महिने माझ्या जिवात जीव नव्हता. मुलगी झाली म्हणून मी रडले तेव्हा तुझ्या दादाला वाटलं मला मुलगा हवा होता, आणि तो माझी समजूत काढत बसला.

चार वर्षं मी रोज गोळी घेतेय. रक्तवाढीची म्हणून सांगितलंय. दर महिन्याला तो मलाच धीर देतो, होईल गं, म्हणतो. तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याला कळेल ते माझ्याच तोंडून कळेल, एवढं मी ठरवलंय. आईच्या नाही, रिपोर्टच्या नाही, तुझ्याही नाही. धीर होत नाही इतकंच. तोवर हे पोटात ठेव.

वहिनी


१० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला, तापानं पडले होते. आता बरी आहे.

तू लिहिलंस ते लिहिणं सोपं नव्हतं, आणि ते माझ्याकडे लिहिलंस याची मला जाणीव आहे. तुझ्या पत्रातून मला असं वाटतं की तुझ्यावर दोन ओझी आहेत. एक आजाराचं आणि दुसरं न सांगण्याचं, आणि दुसरं पहिल्यापेक्षा जड झालंय. मी बरोबर समजतेय का?

भावाचं नाव मीच ठेवलं, असं तू लिहिलंस. त्याबद्दल आणखी सांगावंसं वाटतं का? आणि दादाला कळलं तर सगळ्यात वाईट काय होईल असं तुला वाटतं? सगळ्यात चांगलं काय होईल?

नियमानं मी तुला मॅडमकडे पाठवायला हवं. पाठवीनही. पण आधी आपण दोघी बोलू. तुला जमेल तसं, जमेल तेवढं.

तुझी बारकी


२४ ऑक्टोबर

प्रिय बारकी,

तुला झालंय तरी काय? आधी तू बोलायला लागलीस की मला मध्ये शिरायला फट मिळायची नाही. आता पत्र वाचताना वाटतं कुणीतरी समोर बसून, हात मांडीवर ठेवून ऐकतंय. तीन आठवडे तुझा कागद नव्हता तेव्हा मी रोज जिना उतरून टपाल बघत होते. वाटलं, तुला माझी किळस आली. मग ताप आल्याचं कळलं आणि स्वतःचीच लाज वाटली. सोबत लोकरीचे मोजे पाठवतेय, अंगावर काढू नकोस.

सगळ्यात वाईट काय, हे मी कांदे चिरता चिरता दोन दिवस शोधलं. तो सोडून जाईल असं नाही. जाणार कुठे, दुकान खाली आहे. वाईट म्हणजे तो माझ्याशी आदरानं वागायला लागेल, पाहुण्यासारखं. आणि चांगलं म्हणजे तो मला मूर्ख म्हणेल, गोळ्यांचं पाकीट खिडकीतून फेकेल, आणि मग आम्ही दोघं मिळून ठरवू की पुढे काय. सगळ्यात चांगलं काय होईल, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माझ्या आईनंसुद्धा नाही.

नावाचं पुढच्या पत्रात लिहीन. आज नको.

वहिनी


१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

मधली दोन धरून तुझी पाच पत्रं झाली, नावाचं अजून आलं नाही, पण प्रत्येक पत्रात तुझं अक्षर थोडं थोडं मोठं होतंय, तुझ्या लक्षात आलंय का?

माझं मात्र मध्ये डोक्याला हात लावायची पाळी आली होती. शेवटच्या प्रबंधासाठी प्रत्येकीनं एक कुटुंब वर्षभर धरून ठेवायचं असतं, त्यांच्या सगळ्या भेटी सविस्तर लिहायच्या. माझं कुटुंब दुसऱ्या भेटीनंतर गाव सोडून गेलं, ना पत्ता ना निरोप. सगळ्यांचं अर्धं लिहून झालं आणि मी कोरी पाटी. पण आता मार्ग निघालाय, काळजी करू नकोस.

सोबत एक फॉर्म आहे. समोरच्याची संमती कशी घ्यायची, याचा आम्हाला सराव लागतो. खाली सही करून पाठव. वाचायची तसदी घेऊ नकोस, फार रुक्ष आहे.

बारकी


२ फेब्रुवारी

प्रिय बारकी,

फॉर्म सही करून पाठवतेय. इतक्या बारीक अक्षरात लिहितात ते वाचू नये म्हणूनच असणार.

आता खरी गोष्ट. मी ठरवलं. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी ठकू मैत्रिणीकडे जाणार आहे, तेव्हा तुझ्या दादाला सांगणार. वाक्यसुद्धा तयार आहे. दहा-बारा वेळा बदललं, भांडी घासताना म्हणून बघितलं. आता आवाज कापत नाही. तू नसतीस तर मी म्हातारी होईपर्यंत रक्तवाढीच्या गोळ्या घेत बसले असते. मग आम्ही दोघं तुमच्याकडे नाहीतर आणखी कुठे रीतसर जाऊन बसू. ठकूलाही पुढेमागे कळायला हवंच.

सांगून झालं की पहिलं पत्र तुला.

वहिनी


६ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र आत्ता मिळालं, लगेच लिहितेय. घाई करू नकोस.

तू सांगायला तयार आहेस, पण दादा ऐकायला तयार आहे का, याचा विचार केलास? वाचनालयाचं काम अंगावर, त्यात हे. शिवाय मला किती दिवसांपासून माहीत आहे, हेही तो विचारणार. मी मेमध्ये घरी येतेय. तेव्हा दोघी मिळून सांगू. मी समोर असले की त्याला समजावणं सोपं जाईल, शिकतेय कशासाठी मी? अर्थात निर्णय तुझाच.

आणि प्रबंध बांधायचा म्हणून दादा फोनवर उड्या मारत होता, त्याला सांग, कॉलेजचा बाइंडर ठरलेला असतो. उगाच धावपळ नको.

बारकी


३ एप्रिल

प्रिय बारकी,

थांबले. शेवटी तू शिकलेली, मी चार भिंतींतली. पण तयार वाक्य रोज जिभेवर येतं आणि मी गिळते.

एक ऐक. तुझा प्रबंध आपल्या दुकानात बांधायचा म्हणून तुझ्या दादानं कापड आणून ठेवलंय, गर्द निळं. पाठीवर सोनेरी अक्षरं टाकायची म्हणून ठसे घासून ठेवलेत. कॉलेजवाला बांधणार म्हणून सांगितलं तर तोंड एवढंसं झालं. म्हणाला, जगाची पुस्तकं बांधली, बहिणीचं परक्यानं बांधायचं? तुझं काय अडतं? तो वाचणार थोडाच आहे. माझ्यासाठी म्हणून पाठव.

वहिनी


१४ एप्रिल

प्रिय वहिनी,

बरं बाई, तू म्हणतेस म्हणून. एका प्रतीची पानं पाठवतेय. दादाला सांग, क्रम लावलेला आहे, उलटून बघायची गरज नाही, नुसतं शिवायचं. विषयही असा की कुणालाही झोप येईल. पाच मेच्या आत हवं.

बारकी


२० मे

प्रिय वहिनी,

पुस्तक वेळेवर मिळालं. इतकी देखणी बांधणी कुणाचीच नव्हती, मॅडम त्यावरून हात फिरवत होत्या. मी उत्तीर्ण झाले. बाहेरच्या परीक्षकांनी एका प्रकरणाचं विशेष कौतुक केलं.

पण पार्सलात तुझी चिठ्ठी नव्हती. दादाचीही नाही. दोनदा फोन केला. दादा म्हणाला, कामात आहे, आणि ठकूच्या हातात फोन दिला. ठकू म्हणाली, आई झोपलीय. सकाळचे अकरा वाजले होते. सगळं ठीक आहे ना?

बारकी


८ जून

प्रिय वहिनी,

येऊ नकोस, एवढंच दादानं फोनवर सांगितलं, आणि ठेवला. म्हणजे वाचलं त्यानं.

माझी बाजू तरी ऐक. तुझं नाव कुठेही नाही. वय बदललं, तुला शिक्षिका केलं, गाव बदललं. वर्गातल्या सात जणी आणि दोन परीक्षक, यांतल्या कुणालाही तू कोण ते जन्मात कळणार नाही. मॅडमना लांबची ओळख म्हणून सांगितलं, ते चुकलं, मान्य. पण माझं वर्ष वाया जात होतं, वहिनी. आणि असलं प्रकरण वाचून पुढच्या मुली शिकतील, तुझ्यासारख्या कितीतरी बायकांचं भलं होईल.

आणि तू सही केली होतीस. फॉर्मवर सगळं लिहिलेलं होतं.

मी तुला मदत केली की नाही, एवढं खरं सांग. ते तर खोटं नव्हतं.

बारकी


२५ जून

बारके,

दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर एकदाच लिहितेय.

तुझा दादा वाचत नाही हे खरं. पण तुझ्या पानांत चौसष्ट आकडा दोनदा पडला होता. त्यांतलं आधीचं कुठलं हे कळायला त्याला एका पानाची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ वाचावी लागली. कुठलाही बांधणारा तेच करतो. ती पहिली ओळ होती, "घरात त्याला आजोबा म्हणत." माझी आई आली की अजून त्या नावानं डोळे पुसते, हे त्यानं कितीदा पाहिलंय. मग तो स्टुलावर बसला आणि बांधायला आलेलं प्रकरण आयुष्यात पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचलं.

वर आला तेव्हा मी ठकूच्या शाळेच्या कपड्यांना बटण लावत होते. ती पानं त्यानं माझ्यासमोर ठेवली. ओरडला नाही. म्हणाला, "त्या रक्ताच्या गोळ्या नाहीत ना?" मी नाही म्हटलं. मग म्हणाला, "बारकीला कधीपासून माहीत आहे?" मी म्हटलं, सप्टेंबरपासून. तो खाली गेला. इतके दिवस घासूनपुसून ठेवलेलं माझं वाक्य तसंच राहिलं. त्याला माझ्या तोंडून कळायचं होतं, तेवढं एकच मी मागितलं होतं.

मग मी वाचलं. वय बदललंस, शिक्षिका केलंस, झकास केलंस. मी पाहुण्याच्या आदराचं लिहिलं होतं ते जसंच्या तसं टाकून खाली लिहिलंस, "क्लायंटची अभिव्यक्ती चांगली." पुढे लिहिलंस, "या टप्प्यावर समुपदेशकाने मौनाचा वापर केला. तीन आठवडे उत्तर जाणीवपूर्वक दिले नाही. परिणामी क्लायंट अधिक मोकळी झाली." तुला ताप आला म्हणून मी मोजे पाठवले होते. ते मोजे कुठल्या पानावर आहेत ते मला सापडलं नाही.

तेही मी गिळलं असतं. परीक्षा होती, तू घाबरली होतीस, माणूस घाबरला की काय करतो हे मला दुसऱ्यानं शिकवायला नको. पण शेवटच्या पानावर आहे, "पतीला सांगण्याचा निर्णय क्लायंटने स्वतःहून पुढे ढकलला. समुपदेशकाने तिच्या निर्णयाचा आदर केला." स्वतःहून? मी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी सांगणार होते. तुझं सहा तारखेचं पत्र माझ्याकडे आहे. मी आणि तुझा दादा रीतसर दुसऱ्या कुणासमोर जाऊन बसलो असतो तर तुझं प्रकरण उघडं पडलं असतं, म्हणून मला थांबवलंस. मी मात्र समजत होते की तुला माझी काळजी.

सही केली होती, म्हणतेस. केली. तू वाचू नकोस म्हणालीस म्हणून न वाचता केली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर वाचून केली असती.

मदत केलीस का? केलीस. त्याचाच जास्त राग येतो. तुझ्या त्या प्रश्नांनीच मला धीर आला होता, आणि ते प्रश्न तू मला विचारत होतीस की पाठ करत होतीस, हे मला आता कधीच कळणार नाही. परवा ठकूनं गळ्यात हात टाकून विचारलं, आई, तुला काय होतंय, तर क्षणभर मी पोरीकडेसुद्धा संशयानं बघितलं. हे तू मला दिलंस.

ती पानं काढून बांधू का, असं त्यानं मला विचारलं होतं. मी म्हटलं, काम घेतलंय तर पुरं बांध. म्हणून तुला पुस्तक वेळेवर मिळालं.

त्यानंतर दीड महिना तो माझ्याशी फार नीट वागला. चहाचा कप दिला तरी आभार मानायचा. ज्याची भीती होती तेच झालं. मग गेल्या आठवड्यात भर दुपारी दुकानाला कुलूप लावून वर आला आणि म्हणाला, "चल, यासाठी जिथे जायचं असतं तिथे जाऊ." मूर्ख म्हणाला नाही अजून. पण जाताना सगळ्या वाटेत गोळ्यांचं पाकीट त्याच्या खिशात होतं, तिथे दाखवायला म्हणून त्यानं ते स्वतःच घेतलं होतं.

तुमच्याकडे नाही गेलो, दुसऱ्या शहरात गेलो. तिथल्या बाई वयस्क आहेत, चष्मा कपाळावर ठेवतात आणि टेबलावर शोधतात. इथे बोलाल ते इथून बाहेर जाणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. मी तीनदा विचारलं, नक्की का. तीनदा त्यांनी न चिडता सांगितलं, नक्की. घरचं कुणी या क्षेत्रात आहे का, असं त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मग त्यांनी कोरा कागद ओढला. माझं वर्तुळ काढलं, त्यात ठिपका दिला. माझ्या भावाचा चौकोन काळा भरला आणि त्यावर तिरपी रेघ मारली. त्याच्या नावाचं मी त्यांना सगळं सांगितलं, तुला पुढच्या पत्रात लिहीन म्हटलं होतं ते. ठकूच्या वर्तुळात प्रश्नचिन्ह घातलं. शेवटी माझ्या नवऱ्याचा चौकोन काढून त्यांनी पेन तिथेच थांबवलं आणि विचारलं, यांना भावंडं किती.

मी म्हटलं, एकही नाही.

तो माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, आणि काही दुरुस्त केलं नाही.